सांडव्यावरच्या गोण्या

आमच्या बीडकडचा पाऊस जून-जुलैत तोंडदेखला येऊन जातो. खरा येतो तो भादवा संपता संपता, सोयाबीन काढणीला आलेलं असताना, म्हणजे नेमका नको असतो तेव्हा. परवा संध्याकाळी पत्र्यावर त्याचा आवाज जाड झाला आणि मी तव्यावरची भाकरी सोडून खिडकीशी गेले. भाकरी करपली. मासिकांतून वाचते मी, पावसात लोकांना काय काय आठवतं ते. मला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आठवतात.

मी ग्रामसेविका आहे. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे म्हातारी माणसं मला 'भाऊसाहेब बाई' म्हणतात. नोकरीत बरीच गावं झाली. हे गाव तेलगाव-दिंद्रुड रस्त्यापासून आत, एका तलावाच्या खाली वसलेलं. तलाव म्हणजे मातीचा लांब बांध, बांधाखाली ओढा, आणि बांधाच्या एका टोकाला सांडवा. तलाव भरला की जादा पाणी मुकाट्यानं बाहेर पडावं म्हणून ठेवलेली दगडी वाट ती. पण आमच्या भागात जादा पाणी ही कल्पनाच कोणाला पटत नाही. ज्यांनी माघापासून टँकरची वाट पाहिलेली असते, त्यांना वाहून जाणारं पाणी बघवत नाही. म्हणून गावाची एक रीत होती. तलाव भरत आला की गोण्या मुरमानं भरायच्या आणि सांडव्यावर रचायच्या. हात-दोन हात पाणी जास्त थांबतं. तेवढ्यावर ज्वारी-हरभऱ्याला पाण्याची एक पाळी निघते.

रीत जुनी, मी यायच्या कितीतरी आधीची. पाटबंधारे खात्याला ती ठाऊक होती, तहसीलला ठाऊक होती, पंचायतीला तर होतीच. पोळा झाला की तरुण पोरं हलगी वाजवत गोण्या भरायची. एकदा श्रमदान म्हणून त्याचा फोटोही छापून आला होता. परवानगी कोणी मागितली नव्हती आणि अडवलंही कोणी नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणाच्याच कामात न बसणारी अशी ती गोष्ट. सरकारी नोकरीत मला सर्वांत जास्त भीती अशा गोष्टींची वाटते.

तालुक्याच्या गावी आमच्या साऱ्या कचेऱ्या एकाच रस्त्यावर आहेत. आम्ही एकाच टपरीवर चहा पितो, एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला जातो. पण काम निघालं की 'ते आमच्याकडं येत नाही' हे वाक्य सगळ्या कचेऱ्यांतून सारख्याच सुरात ऐकू येतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी तहसीलच्या सभागृहात पावसाळ्याची बैठक होते. पंखा कुरकुरतो, प्रत्येक खातं आपापला कागद वाचतं, आणि 'सर्व विभागांनी समन्वय ठेवावा' असं लिहून बैठक संपते. तो कोणी ठेवायचा आणि कुठं उभं राहून ठेवायचा, हे मी तरी कोणी विचारलेलं ऐकलं नव्हतं. फोनवर एक गटही होता सगळ्यांचा. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं यायची.

माझ्या इथल्या पहिल्याच वर्षी तलाव नवरात्रात काठोकाठ भरला. गोण्या आधीच रचलेल्या होत्या. तलाव भरला की त्याची ओटी भरतात. साडी, खण, नारळ पाण्यात सोडायचा. या ओटीचा पहिला मान मेंढपाळांच्या वस्तीचा, कारण तलावात गेली ती त्यांची चराईची जमीन. गावानं मान मोठ्या मनानं दिला. जागा मात्र दिली नाही. वस्ती बांधाखाली, ओढ्याच्या काठच्या सखल पट्टीतच राहिली.

वस्तीची कर्ती बाई सोजरबाई. माझ्याच वयाची, उंच, आवाज डोंगरावरून हाक मारायला घडवलेला. नवरा निम्मी मेंढरं घेऊन बालाघाटात गेलेला, उरलेली निम्मी आणि सासू तिच्या जिवावर. त्या सकाळी ती हिरवं लुगडं नेसून, ताट घेऊन वस्तीतल्या बायापोरांसह बांधावर आली. पावसाची झड तीन-चार दिवस लागलेली होती. काळ्या मातीचा वास, ओल्या घोंगड्यांचा वास, आणि मंडपाच्या कापडाचा कुबट वास. मोठे पाहुणे येणार म्हणून झाडून सगळ्या खात्यांची माणसं हजर होती. एरवी बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

सरपंच बाबूराव आण्णा कानाला फोन लावून येरझारा घालत होते. "निघालेत म्हनं. पुलाच्या पल्याड हायेत."

"पुलावरनं पानी चाललंय, आण्णा," पोलीस ठाण्याचे जमादार शेख म्हणाले. "आज काय ते येत न्हाईत. नारळ फोडा आन् मोकळं करा आमाला."

लोक पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होते. पाटबंधारेचे शाखा अभियंता मुळे एकटे बांधाच्या मागच्या उतारावरून खाली गेले होते. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. वर आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती आणि चेहरा उतरला होता. ते सरळ नायब तहसीलदार वाघमारे मॅडमकडे गेले. मॅडम वयानं त्यांच्या मुलीसारख्या, पहिलीच नेमणूक.

"बांधाच्या पायथ्याला पाझर फुटलाय. वरचा दाब कमी करायला पाहिजे. गोण्या काढाव्या लागतील. पण काढल्या की ओढ्याला लोंढा जाणार, आणि ओढ्याकाठी वस्ती आहे. वस्ती उठल्याशिवाय मला गोण्यांना हात लावता येत नाही. वस्ती उठवणं तुमच्याकडं."

"बांधाला धोका आहे असं तुमच्या खात्यानं लेखी दिल्याशिवाय मला उठवता येत नाही."

"लेखी माझे वरिष्ठ देतात. त्यांना कळवतो."

ओढ्यात शेतकऱ्यांच्या मोटारी होत्या, त्यांची वीज तोडल्याशिवाय पाण्यात उतरणं म्हणजे मरण. लाइनमन म्हणाला, उपकेंद्रातून सांगितल्याशिवाय तोडता येत नाही. ओढ्यावरचा रस्ता बंद करायला जमादारांना तहसीलचं पत्र हवं होतं. वस्ती हलवायची तर शाळेत, आणि शाळा माझी नव्हे. शेजारी उभ्या मुख्याध्यापक गुरुजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "माणसं ठीक आहेत. मेंढरांचं वरून विचारावं लागेल."

यात कामचुकार एकही नव्हता. प्रत्येकजण नियमानं बोलत होता आणि आपापल्या जागी बरोबर होता. पहिलं पाऊल तेवढं सगळ्यांनाच दुसऱ्याचं हवं होतं. आणि पाणी गोण्यांच्या वरच्या थराला लागलं होतं.

सोजरबाई हातात ताट घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "आमची म्हातारी खाली हाय. मेंढरं खाली वाघरीच्या जाळीत हायेत. मी ओटी भरू का पळू? येवढं सांगा."

जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. मला वाटतं तो क्षण मला मरेपर्यंत आठवणार आहे. मला भरून वगैरे आलं नव्हतं, लाज वाटली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

वाघमारे मॅडमनी छत्री मिटली. का मिटली कोण जाणे, भिजल्या चांगल्या. म्हणाल्या, "मुळे साहेब, बांध तुम्हाला कळतो, मला कळत नाही. आता इथून पुढं तुम्ही सांगाल ते आम्ही सगळे करणार. माझ्यासकट. काही चुकलं तर नाव माझं लागेल."

"मॅडम, मी तुमच्या खात्याचा नाही," मुळे गडबडून म्हणाले.

"मग आजच्या दिवस मी तुमच्या खात्याची."

हाताखालच्यांवर ओरडून कामं करून घेणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत, आणि कधी कधी ते ओरडणं उपयोगीही पडतं. पण आपला अधिकार भर लोकांत दुसऱ्याच्या हातात देणारा आणि दोष मात्र स्वतःकडे ठेवणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता. याला शिक्षण लागतं का, घरचं वळण लागतं, मला ठाऊक नाही. नंतर एकदा मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दुसरं काही सुचलंच नाही हो." असेलही.

सोजरबाई उत्तराची वाट न बघता ताट माझ्या हातात देऊन उतरणीला लागली होती. पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. आण्णा आडवे आले.

"गोण्यांना हात लावायचा न्हाई, साहेब. पानी सोडता? ह्या जिल्ह्यात? उन्हाळ्यात घागरी घेऊन तुमच्या दारात यावं का आमच्या बाया?"

मागून कोणीतरी ओरडलं, "कोन काढतंय बे गोण्या, बघू तर!"

आण्णांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो माणूस पाण्यासाठी तहसीलसमोर उपाशी बसलेला होता. मुळे वाद घालत बसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या ताटातला पूजेचा तांब्या उचलला आणि आण्णांचा दंड धरून त्यांना मागच्या उतारानं खाली नेलं. आम्हीही घसरत मागे. पायथ्याला गवतातून पाण्याची धार येत होती. मुळ्यांनी तांब्या भरून आण्णांपुढे धरला.

"पाझर प्रत्येकच बांधाला असतो, आण्णा. पाणी निर्मळ असेल तर भ्यायचं कारण नाही. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चाललीय."

आण्णांनी तांब्यात बोटं घातली, अंगठ्यानं चोळली. शेतकऱ्याला माती ओळखायला कागद लागत नाही. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि वर तोंड करून ओरडले, "अय पोरांनो, दोर आना रे! आन् एकानं बी मला न इचारता गोनीला हात लावायचा न्हाई!"

आता हीच गोष्ट आण्णा सांगतात तेव्हा पाझर आधी त्यांनाच दिसलेला असतो. सांगू द्यावं.

मग मुळे बोलत गेले आणि आम्ही करत गेलो. आधी वीज. लाइनमननं बांधाच्या उंच टोकावर जाऊन उपकेंद्राला फोन लावला आणि फोन मॅडमच्या हातात दिला. मग रस्ता. मग वस्ती. मी गुरुजींना म्हटलं, "मेंढरं आधी आत घेऊ, वरून नंतर विचारू. लेंड्या पंचायत उचलील."

गुरुजींनी खिशातून किल्ल्या काढल्या. "निदान सातवीचा वर्ग सोडा, बाई. तिथं नवी फरशी आहे."

वस्तीवर सोजरबाईची सासू खोपटाच्या दारात फतकल मारून बसली होती. कोंबड्यांशिवाय ती हलणार नव्हती. शेवटी जमादार शेखांनी कोंबड्यांचं डालगं आपल्या डोक्यावर घेतलं.

"अम्मा, सरकारी टोपीवर डालगं घेतलंय. आता तरी चला."

"टोपी भिजली तर पगार कापत्यात का रं तुजा?"

"कापतील. तुमी भरून द्या. पर चला."

शाळा ओढ्यापलीकडे, आणि मेंढरं पाण्यात पाय घालीनात. सोजरबाईनं एडक्याचा कान धरून त्याला ओढत पलीकडे नेलं, मग बाकीची आपसूक निघाली. ओल्या लोकरीचा वास आणि घंटांचा आवाज घेऊन तो कळप भर दुपारी शाळेच्या आवारात शिरला. शेवटचं कोकरू फाटकातून आत गेलं तेव्हा मी बांधाकडे हात वर केला आणि मुळ्यांनी पहिली गोणी काढायला लावली.

वरचा एक थर काढायचा, थांबायचं, पायथ्याला जाऊन यायचं, मग दुसरा थर. पोरं कमरेला दोर बांधून काम करत होती. पाणी सांडव्यावरून घुमत खाली जायला लागलं तेव्हा बांधावरच्या बायका पुढे सरकल्या. एकजण हळूच म्हणाली, "चाललं बया." त्या दोन शब्दांत या जिल्ह्याचा सगळा उन्हाळा होता.

संध्याकाळपर्यंत ओढा वस्तीच्या जागेवरून वाहत होता. खोपटी गेली, वाघरीचे खुंट गेले, चुलीसुद्धा दिसेनात. बांध राहिला. दुसऱ्या दिवशी पाझर निर्मळ झाला. मुळ्यांनी तो तांब्यात घेऊन सगळ्यांना दाखवला, लग्नाचा अल्बम दाखवावा तसा.

त्या दिवसाचं पुढे कौतुक झालं, हारतुरे झाले. माझं मत विचाराल तर तो दिवस सोपा होता. पाणी अंगावर आलं की माणसं एकमेकांचा हात धरतातच. पाणी ओसरलं की ज्याची त्याची खुर्ची ज्याला त्याला बोलावते. सोजरबाईचं आणि वस्तीचं बिऱ्हाड शाळेच्या ओसरीवर दिवाळीपर्यंत राहिलं. तिला पुन्हा ओढ्याकाठी पाठवायचं नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. पण गावच्या गायरानातल्या उंचवट्यावर तिला बसवायचं तर मोजणी महसूलची, ठराव पंचायतीचा, खांब वीजवाल्यांचे, पाइप पाणीपुरवठ्याचा, आणि एका कोपऱ्यावर वनखात्याचाही हक्क. पुन्हा तीच गोल फेरी. सोजरबाईचा नवरा मेंढरं घेऊन परत आला आणि म्हणाला, सरकारच्या नादी कशाला लागता, ओढ्याकाठीच खुंट ठोकू. तिनं त्याला महिनाभर थोपवून धरलं. त्यापुढे थोपवता आलं नसतं.

तेव्हा वाघमारे मॅडमनी बैठक सभागृहात घ्यायची नाही असं ठरवलं. बैठक गायरानावर, उभ्यानं, आणि मध्ये सोजरबाई. बस, एवढंच. कोणी म्हटलं 'ते आमच्याकडं येत नाही', की सोजरबाई विचारायची, "मग कुनाकडं येतं? त्यो कुटं हाय?" आणि तो शेजारीच कुसळं झाडत उभा असायचा. खुर्ची नाही, पंखा नाही, सावलीला एक बाभूळ. उन्हात माणूस मुद्द्याचं बोलतो. वनखात्याचा वनपाल पहिल्या बैठकीत नकाशा घेऊन भांडला, दुसऱ्या बैठकीत त्यानं स्वतःच हद्दीचा दगड कुठं आहे ते पावलांनी चालत जाऊन दाखवलं. दगड वस्तीच्या जागेच्या बराच पलीकडे निघाला. इतके दिवस कागदावर अडलेलं होतं ते.

सगळं गोड झालं असं नाही. खांब लवकर आले, नळाला फार वेळ लागला. मुळे निवृत्त झाले, मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिली नोटीस पुन्हा सभागृहाचीच काढली. मी त्यांना फोन करून म्हटलं, "साहेब, गायरानावर या. इथं लवकर उरकतं." ते आले. एकदा आले की पुन्हा बोलवावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. गोण्यांची रीत बंद करताना मात्र मी पहिल्या वर्षी पोटभर शिव्या खाल्ल्या. मग आण्णांनीच तोड काढली. त्या हातभर पाण्याच्या बदल्यात तलावातला गाळ काढायचा. मोजमाप पाटबंधारेचं, डिझेल पंचायतीचं, ट्रॅक्टर ज्याचे त्याचे, आणि गाळ ज्याच्या त्याच्या रानात. आता पाणी तेवढंच थांबतं, फक्त वर थांबायचं ते खाली थांबतं. शेजारच्या गावात अजून गोण्या रचतात. तिथल्या ग्रामसेवकाला मी आमच्या बांधावर आणून फिरवलंय. बघू.

परवा भाकरी करपली त्या रात्री पाऊस थांबलाच नाही. उजाडता उजाडता मी निघाले. पाटबंधारेची नवी अभियंता, मुलगीच आहे, रेनकोट घालून बांधावरूनच परत येत होती. "पाझर निर्मळ आहे, मॅडम. म्हटलं वस्तीवर एक चक्कर मारू." फाट्यावर लाइनमन भेटला, तारा बघत. ठाण्याचे नवे जमादार मोटारसायकलवर, आणि त्यांच्या मागे, छत्री सांभाळत, नायब तहसीलदार. कोणी कोणाला पत्र दिलेलं नव्हतं. मी कोणालाही फोन केलेला नव्हता. असे आम्ही पाचजण चिखल तुडवत गायरानावर चढलो.

वस्तीवर सामसूम होती. पत्र्याच्या घरांची दारं बंद, एकाही चुलीचा धूर नाही. जमादारांनी सोजरबाईच्या दारावर थाप मारली. पत्रा दणाणला. बऱ्याच वेळानं आतली कडी वाजली आणि सोजरबाई घोंगडं गुंडाळून, डोळे चोळत बाहेर आली. आम्हा सगळ्यांना एका रांगेत बघून तिची झोप उडाली.

"काय झालं? बांध फुटला का?"

"न्हाई, बांध चांगलाय," मी म्हटलं.

"वड्याला लोंढा आला?"

"आलाय. खाली हाय. हितं काय येत न्हाई."

"मंग कावून उठवलं, भाऊसाहेब बाई?"

नायब तहसीलदार साहेब पुढे झाले. "पाऊस लई झाला ना रात्री, मावशी. म्हणून बघायला आलो."

"बगितलं?" तिनं जांभई दिली आणि मागच्या वाड्याकडे बोट केलं. "आता हळू बोला. मेंढरं रातभर भिजली, आत्ता कुटं बसल्यात."

आम्ही पाच खात्यांची माणसं झिमझिम पावसात, आवाज खाली करून, आल्या वाटेनं परत फिरलो.